मास्तर अजेकुमच्या खोलीतले सदतीस अंश

शुक्रवारी दुपारी मी माझ्या एसी दुरुस्तीच्या दुकानात भात-चवळी खात बसलो होतो, तेवढ्यात सेरवाचा फोन आला. तिच्या वडिलांना, मास्तर अजेकुमना, शवागारातून घरी आणलं होतं. संध्याकाळी लोक दर्शनाला येणार होते आणि खोलीतला इन्व्हर्टर एसी दर पाच मिनिटांनी बंद पडत होता. दोन मेकॅनिक हात टेकून गेले होते.

मला जायचं नव्हतं. हे काम मास्तरांनीच मला शिकवलं. आमच्या कुमासी शहरात शिकाऊ माणूस शिकणं संपलं की दारूची बाटली घेऊन मास्तरांपुढे गुडघे टेकतो, मास्तर त्याच्या डोक्यावर पांढरी पावडर टाकून "जा, मोकळा झालास" म्हणतात, मगच त्याने दुकान काढायचं. मी घाई केली, न विचारताच पळालो. नऊ वर्षं दुकान चाललं, पण एक दिवस मी निर्धास्तपणे पाना हातात धरला नाही. ती मोकळीक आज मागेन, उद्या मागेन म्हणत राहिलो. आता मागायचं कुणाकडे?

सेरवा सुतकाच्या लाल-काळ्या कपड्यांत दारातच उभी होती.

"या, पळपुटे एनटिम साहेब. बाबा जिवंत असताना तोंड दाखवलं नाहीस."

"सिस्टर, आधी मशीन बघू दे." शिकाऊ होतो तेव्हापासून मी तिला सिस्टरच म्हणायचो.

"बघ. सहाला लोक येतील. बाबांना वास सुटला तर लोक मला जन्मभर ऐकवतील."

अंगणात बाहेरचं युनिट उघडलं. कॉम्प्रेसरच्या तिन्ही तारांचा रोध मोजला, तिन्हींचा सारखा. व्होल्टेज ठीक, गॅस ठीक, बोर्डही ठीक. चालू केला की मात्र कॉम्प्रेसर जीव तोडून पळायचा, तापायचा आणि बंद पडायचा. हा कॉम्प्रेसर खोलीतली गरमी बघून धावतो, खोली गार झाली की सावकाश होतो. हा सावकाश होतच नव्हता.

मी आत गेलो. पितळी पलंगावर मास्तर झोपले होते, अंगावर केंटेचं रंगीत, हातमागाचं कापड. फॉर्मेलिनचा आणि अत्तराचा वास एकमेकांत मिसळला होता. एसीच्या जाळीवर बर्फ धरला होता, मला हुडहुडी भरली. तरी मीटर लावून खोलीचा सेन्सर तपासला तर सदतीस अंश दाखवत होता. सेन्सर खराब, दुसरं काय! पिशवीतला नवा लावला. सदतीस. सेन्सरची तार हातात धरून खोलीभर फिरलो. खिडकीशी सदतीस, दाराशी सदतीस. पलंगाजवळ पाय अडखळला, सावरायला हात टेकला तो मास्तरांच्या हातावर.

हात ऊन होता.

"सिस्टर... जरा इकडे ये."

"झालं का?"

"यांचा हात... बघ ना."

तिने हात धरला. "दगड झालाय रे. तीन आठवडे बर्फात होते."

मी पुन्हा धरला. ऊन. कामावरून नुकत्याच उठलेल्या माणसाचा असतो तसा. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त काहीच कळेनासं झालं. मला हात ऊन लागतोय, हे मी तिला सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही.

"बाबा शेवटपर्यंत म्हणायचे," ती हळूच म्हणाली, "एनटिम अजून माझ्याच हाताखाली आहे..."

ती आत गेली, जिनची बाटली आणि पावडरचा डबा घेऊन आली. मी गुडघे टेकले, मेलेल्या माणसाला देतात तशी जमिनीवर दारू ओतली, मास्तरांची माफी मागितली. मी लहान मुलासारखा रडलो. सेरवाने माझ्या डोक्यावर पावडर टाकली. "बाबांच्या वतीने... जा, मोकळा झालास."

मीटरवरचा आकडा उतरायला लागला. तीस. बावीस. अठरा. बाहेर कॉम्प्रेसरचा आवाज खाली आला आणि तसाच मंद चालत राहिला. रात्रभर लोक येऊन गेले, कुणी नाकाला रुमाल लावला नाही. शनिवारी मास्तरांना मातीत ठेवलं. मी हलका होऊन घरी आलो.

सोमवारी एका शाळेतल्या बाईंकडे नवीन एसी बसवला. खोली रिकामी ठेवून गार केली, कॉम्प्रेसर शहाण्यासारखा मंद झाला. कव्हर पुसायला मी आत पाऊल टाकलं आणि अंगणात तो एकदम गरजला. मी बाहेर आलो, मंद झाला. पुन्हा आत गेलो, पुन्हा गरजला.

"तुम्ही एकटेच आहात ना आत?" बाईंनी दारातून विचारलं.

"एकटाच."

"मग एवढा कशाला धावतोय तो? मी गेले तर काही होत नाही."

"माझ्या अंगाची गरमी असेल बाई," मी म्हणालो. त्यांनी पुढे होऊन माझं मनगट धरलं आणि झटकन सोडून दिलं.

"अहो... तुम्ही तर गारठलायत."

मी गालाला हात लावून पाहिला. खरंच गार होता, सेरवाच्या हाताला मास्तर लागले होते तसा; मास्तरांच्या खोलीतले सदतीस अंश माझ्यासोबत आले होते. बाहेर कॉम्प्रेसर जीव तोडून पळत होता.