तिघांचा तंबू

मखमलाबादला मल्हारी आणि मैनाचा गुलाबाचा मळा होता. धाकटीचं लग्न उरकलं, मळा पुतण्याच्या हवाली केला आणि मल्हारीनं एके दिवशी जेवता जेवता जाहीर केलं, "थंडीत मोटरसायकलवर कच्छला जायचं. हॉटेल नाय, तंबूत राहायचं."

मैना हसली. "आधी तंबू तर बघा!"

गंगापूर रोडवर दिशा नावाच्या मुलीचं भटकंतीच्या सामानाचं दुकान होतं. मल्हारीनं कलम पारखावं तसा एकेक तंबू पारखला. गुंडाळी कॅरिअरवर आडवी बसते का, खडकावर खुंट्या न ठोकता उभा राहतो का, बूट-हेल्मेट ठेवायला पुढे आडोसा आहे का. शेवटी दोघांपुरता एक हिरवा, हलका तंबू पसंत पडला.

दुपारी मळ्याच्या कडेला आंब्याखाली त्यांनी तो उभा केला. आत हिरवट उजेड होता, कोऱ्या कापडाचा वास होता. दोघं आडवी झाली. मल्हारीचा खांदा एका बाजूच्या कापडाला टेकला, मैनाचा दुसऱ्या.

"कूस बदलायला पण जागा नाय," मैना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिशानं कुरकुर न करता तो बदलून दिला. "हा तिघांचा घ्या, काका. थोडा जड आहे, पण मोकळं वाटेल."

मोकळं वाटलं नाही. त्याच जागी, त्याच आंब्याखाली, पुन्हा त्याचा खांदा इकडच्या कापडाला आणि तिचा तिकडच्या. मधे चटई रिकामी होती. मल्हारी मधे सरकायला गेला. एसटीत शेजारच्याला धक्का लागू नये म्हणून माणूस आपसूक अंग चोरतो, तसं त्याचं अंग थांबलं.

जमीन उतरती असेल, असं म्हणून त्यानं पाण्याची बाटली आडवी ठेवली. ती जागची हलली नाही. मग त्यानं मधल्या चटईवर तळवा टेकला. चटई कोमट होती. ऊन तिथवर पोचत नव्हतं.

"यात काहीतरी खोट आहे," तो म्हणाला. "परत देऊन टाकू."

मैनानं डोळे मिटलेले होते. "नका देऊ. बरं वाटतंय."

बरं तर त्यालाही वाटत होतं. घरी त्याला दुपारची झोप म्हणून लागत नसे. त्या दिवशी पुतण्यानं बाहेरून हाका मारल्या, तेव्हा कुठे दोघं उठली.

कच्छच्या आधी सराव म्हणून ती वैतरणेच्या पाण्याकाठी मुक्कामाला गेली. रात्र कशी सरली ते कळलंसुद्धा नाही. सकाळी पाण्यावर धुकं होतं. वाऱ्याचं नाव नव्हतं. पलीकडचा डोंगर पाण्यात जसाच्या तसा दिसत होता. मल्हारीनं छोट्या शेगडीवर चहा ठेवला. मैना शाल पांघरून शेजारी बसली.

मागे तंबूचं कापड हळूच फुगलं आणि बसलं.

पुन्हा फुगलं. पुन्हा बसलं. झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसं.

"मैना..."

"चहा ओता," ती म्हणाली.

त्यानं दोन पेले भरले. तिनं थर्मासचं झाकण पुढे धरलं. त्यानं तेही भरलं.

मैना झाकण सांभाळत तंबूत गेली. आतून चेन लावल्याचा आवाज आला.

मल्हारी पाण्याकडे बघत बसला. भीती वाटायला हवी होती, हे त्याला कळत होतं. पण घरची सगळी माणसं एका पंगतीला बसल्यावर वाटतं, तसं निवांत वाटत होतं.

चेन उघडली. मैना बाहेर आली. झाकण रिकामं होतं, तळाशी चहाचा गाळ तेवढा राहिला होता.

"साखर कमी पडली म्हणे," ती म्हणाली.