जागच्या जागी

केशोरीच्या बाजारगल्लीत, मिरचीच्या दुकानांच्या जरा पुढं, जंगलू मडावीचं घर. घराची समोरची खोली म्हणजे गावाचं ऑनलाइन सेंटर. एक टेबल, एक खुर्ची, गिऱ्हाइकांना बसायला बाक, आणि कम्प्युटर. धान विक्रीची नोंदणी, सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, सारं त्याच्यावरच. सुरुवात केली ती मोनालीनं, जंगलूच्या थोरल्या लेकीनं. आता तिचा धाकटा भाऊ नीलेश बसतो. म्हाताऱ्या माणसांनाही वाचता यावं म्हणून पडद्यावरची सारी भाषा तिनं मराठी करून ठेवली होती. ती तशीच होती.

दिवाळी तोंडावर आली होती. शेताच्या बांध्यांमधलं हलकं, लवकर येणारं धान पिवळं पडलं होतं आणि दुपारच्या वाऱ्याला त्याचा भाजल्यासारखा वास होता. जंगलू त्या दिवशी रोपवाटिकेच्या कामाला गेला नव्हता. दाराच्या चौकटीला पाठ लावून तो बसला होता.

"बाबा, जुनी सिस्टम बंद करून राहिले ना कंपनीवाले," नीलेश म्हणाला. "नवी फ्री में देऊन राहिले. पन आपलं मशीन म्हातारं हाय. कवाबी पाहा, लाल फुली अन् 'हा कम्प्युटर चालणार नाही' असंच लिहून येते."

बाकावर दुधराम बसला होता, नोंदणीला आलेला. तो हसला. "फुकटचं सोड गा पोरा. बोकडालेबी चारा फुकटच भेटते."

"तुमाले तं कोनी चाराबी देत नाई, दुधरामकाका."

"म्हनून तं अजून जितता हाओ ना बे!"

नीलेश हसत पडद्याकडं वळला आणि थांबला. ती नेहमीची लाल फुली गेली होती. तिथं लिहिलं होतं, 'तुमचा कम्प्युटर तयार आहे.'

"अजी, हे कवा झालं?" तो म्हणाला, आणि त्यानं बटण दाबलं. कोणीही दाबलं असतं.

दुधराम काम उद्यावर टाकून गेला. नवी सिस्टम उतरायला लागली. थोड्या वेळानं नीलेशनं मोबाइल हातात घेतला, हलवला, दारापर्यंत जाऊन आला. टॉवर गेला होता. केशोरीत टॉवर जाणं नवं नाही; जंगलाकडून वारा सुटला तरी जातो. पण पडद्यावरची निळी रेघ सरकतच होती.

"नेट नाई, बाबा. मंग हे कोठून उतरून राहिलं?"

जंगलूला त्यातलं काय कळणार? तो रेघेकडं बघत राहिला. बांधीत पाणी चढावं तशी ती चढत होती, आवाज न करता.

आतल्या खोलीत त्याची बायको रुख्माबाई तांदूळ पाखडत होती. सुपाच्या तालावर तिचं गुणगुणणं चाललं होतं. तीन वर्षं झाली, धान पिकलं की हेच गाणं:

धान पिवरं झालं बाई, वारा बांधीतून जाई,
गेल्या लेकीचा वं गाव, वारा सांगे कोना नाई.

तीन वर्षांमागं मोनालीच्या चपला गावतलावाच्या पाळीवर सापडल्या होत्या. जोडीनं ठेवलेल्या, देवळाबाहेर ठेवाव्या तशा. ढिवरांनी जाळी टाकून तलाव गाळून काढला. शेवाळ निघालं, फुटके माठ निघाले. ती निघाली नाही. कोणी म्हणालं बुडाली, कोणी म्हणालं चपला ठेवून कोणाबरोबर निघून गेली.

मडाव्यांच्या घरात माणूस गेलं की त्याचा जीव घरात घेतात. घरची माणसं पाण्यावर जातात, नाव घेऊन हाक मारतात, आणि पाण्यातला जो पहिला जीव हाती लागेल, झिंगा म्हणा, मासोळी म्हणा, तो गडव्यात घालून आणतात. दाराशी आलं की आतलं माणूस विचारतं, कोण आलं? बाहेरचं माणूस गेलेल्याचं नाव सांगतं. मग आतून उत्तर येतं, ये, तुझं सारं जागच्या जागी आहे. तेवढ्यानं गेलेलं माणूस घराचं होतं, रानोमाळ भटकत नाही.

रुख्माबाई तीन वर्षं हेच मागत होती. जंगलू ऐकत नव्हता. त्याच्या आज्यानं त्याला एकदा सांगितलं होतं, "जितत्या मानसाले असं बोलावू नोको, पोरा. त्याले मंग यावंच लागते."

आणि मोनाली जिवंत होती, असं जंगलूच्या मनानं धरलं होतं. त्याला तसं कारणही होतं. बाजाराच्या दिवशी त्याच्या मोबाइलवर एक फोन यायचा. नंबर दिसत नसे. पलीकडून कोणी बोलत नसे. कुठंतरी भांडी वाजत, अलीकडं एखादं लेकरूही कुरकुरे, जवळच कोणी श्वास घेई, आणि फोन ठेवला जाई. जंगलूही बोलत नसे. नाव घेतलं तर हाक मारल्यासारखं होईल, या भीतीनं तीन वर्षांत त्यानं लेकीचं नाव तोंडाबाहेर काढलं नव्हतं. 'थोरली' म्हणायचा. नुसता श्वास ऐकायचा आणि तो आठवडा त्याला गोड जायचा.

कम्प्युटर स्वतःच बंद पडला, स्वतःच सुरू झाला. पडदा काळा, मध्ये पांढरी अक्षरं, 'कृपया बंद करू नका.' बाहेरची कोंबडी गप्प झाली होती, की जंगलूच्याच कानात काही झालं होतं, कोण जाणे. सुपाचा आवाज मात्र येत होता.

मग पडद्यावर प्रश्न आला.

'हा कम्प्युटर कोण वापरणार आहे?'

नीलेशच्या कपाळाला आठी पडली. "हे तं कोऱ्या मशीनले विचारते. आपल्याले काऊन विचारून राहिला? यात माहं खातं हाय, ताईचंबी हाय."

"तिचं मिटून जाईल का गा?"

"काय मालूम, बाबा. एकच नाव मागून राहिला. माहं टाकू?"

जंगलूला राशनकार्ड आठवलं. घरी नसलेल्या माणसाचं नाव कसं कटतं हे त्यानं पाहिलं होतं. एकदा कटलं की त्या माणसाला घरात जागा होती हेच कोणी मानत नाही. तिचं नाव कार्डावर राहावं म्हणून तो तहसीलच्या पायऱ्यांवर दिवसभर बसला होता. तो उठला. तिथंच उंबरठ्याशी उभा राहिला.

"तुहं नोको. तिचं टाक."

"कोनाचं?"

"मोनाली," जंगलू म्हणाला.

आतलं सूप थांबलं.

नीलेशनं अक्षरं दाबली. पडदा उजळला. कोणी घाईत नसल्यासारख्या एकेक ओळी उमटल्या.

'स्वागत आहे, मोनाली.'

'तुमचे सर्व काही जागच्या जागी आहे.'

जंगलूनं ते अक्षर अक्षर लावून वाचलं. मग पुन्हा वाचलं. तो बाकावर टेकला. कोण आलं म्हणून विचारलं होतं. नाव त्यानंच सांगितलं होतं. उंबरठ्याशी उभं राहून, स्वतःच्या तोंडानं.

रुख्माबाई दारात आली होती. तिनं पडदा पाहिला, नवऱ्याचं तोंड पाहिलं, आणि तिला वाचता येत नसूनही समजलं.

"घेतलं का तिले घरात?"

"नाई वं. मी तं नुसतं..."

"बरं केलं," ती म्हणाली. "सुटली माही लेक." डोळ्यांना पदर न लावताच ती आत गेली आणि ताटलीत भात वाढून घेऊन आली. ताटली तिनं टेबलावर, कीबोर्डशेजारी ठेवली.

नीलेशला हे काही कळत नव्हतं. तो मोनालीच्या नावावरच्या गोल फोटोकडं बघत होता. तिथं कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो असायचा. दोन वेण्या, खांद्यावर ओढणी. आता तिथं वेगळा फोटो होता. बाईचा. हातभर हिरव्या बांगड्या, ठसठशीत कुंकू, गालफडं वर आलेली. मागं निळ्या रंगाची भिंत आणि भांड्यांची फळी.

"बाबा, ताईचं लगन कवा झालं?"

त्या भिंतीसारखी भिंत केशोरीत कुणाच्या घरी नव्हती.

बाजाराचा दिवस आला. जंगलू मोबाइल तळहातावर घेऊन अंगणात बसला. मिरचीचे ढीग उठले, बैलगाड्या गेल्या, दवंडी दिल्यासारखा ओरडणारा बांगडीवाला गेला. फोन वाजला नाही. पुढल्या बाजारीही वाजला नाही.

तेव्हा तो नीलेशकडं आला. "मांघं घेता येते का ते? होतं तसं?"

"थोडे दिवस मुभा असते, बाबा. पन कायले?"

"घे म्हनलं ना."

नीलेशनं शोधून काढलं. कम्प्युटरनं विचारलं, 'आपण परत का जात आहात?' खाली कारणं होती: हळू चालते, आवडले नाही, काही गोष्टी चालत नाहीत.

"आपलं कारन हाय का त्यात?"

"आपलं कोन्तं कारन?"

जंगलूनं हात झटकला. "कोन्तंबी दाब," तो म्हणाला.

रुख्माबाई दाराशी उभी होती. "एकदा घरात घेतल्यावर कोनी बाहीर काढते का?" तिचा आवाज चढला नाही. "जनावर होय का ते?"

जंगलूनं तिच्याकडं बघितलं नाही.

पडदा काळा झाला. त्यात तिघांची तोंडं दिसली.

मग जुनं सारं परत आलं. जुना रंग, जुनी घंटी. कोपऱ्यात लाल फुली, 'हा कम्प्युटर चालणार नाही.' नीलेशनं पडद्यावर बोट ठेवलं.

"पाहा, बाबा. झालं होतं तसं. ताईचा फोटोबी तोच आला."

जंगलू पुढं वाकला. तोच होता. दोन वेण्या, ओळखपत्राची पांढरी भिंत, एकोणीस वर्षांची पोरगी, समोर बघणारी.

फक्त तिची ओढणी एका बाजूनं खाली ताणली गेली होती. जंगलूनं बोटानं काच पुसली. फोटोच्या खालच्या काठाशी, ओढणीचं टोक घट्ट धरून, कुणा लेकराची लहानगी मूठ होती.