विठोजीची हजेरी

सामना पाचचा होता. त्याआधी रघुनंदनला काम एवढंच होतं, की मोबाइल चार्ज करायचा आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून टेबलावर नीट उभा करायचा. एवढ्याशा कामाला त्याला वीस मिनिटं लागली. दोनदा तो मधेच कॉटवर बसला, आणि बसला की उठवेना. आता त्या वर्षी थकलं नव्हतं कोण, म्हणा. पण हा थकवा हाडांत शिरलेला होता. तीन दिवसांपूर्वी सकाळची कॉफी त्याला कोमट पाण्यासारखी लागली, आणि तेव्हापासून तो घराच्या मागच्या खोलीत एकटा होता. नाकातला नमुना देऊन झाला होता, रिपोर्ट उद्या यायचा होता.

वसुमती, त्याची बायको, दाराबाहेर स्टुलावर ताट ठेवायची, दारावर दोन टिचक्या मारायची आणि विचारायची, "अहो, आहात ना?"

हा म्हणायचा, "आहे." मग तिची पावलं हळूहळू स्वयंपाकघराकडे जायची. दिवसातून आठ-दहा वेळा हेच चालायचं.

बंगळुरातल्या शिवाजीनगरचा बसस्टँड तिथून हाकेच्या अंतरावर. एरवी खिडकी उघडली की कंडक्टरांच्या आरोळ्या आणि परतल्या मसाल्याचा वास घरात घुसायचा. आता वास असला तरी त्याला येत नव्हता, आणि रस्त्यावर आवाज म्हणजे अधूनमधून एखादी अॅम्ब्युलन्स. ती लांब जाईपर्यंत तो कान देऊन बसायचा.

त्याची आणि त्याच्या दोस्तांची लाडकी फुटबॉल टीम आठ महिन्यांनी मैदानात उतरत होती. सामने सगळे गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये. इकडे बंगळुरात माणसांनी आपापल्या घरी बसून बघायचं. म्हणून व्हिडिओ कॉलवर जमायचं ठरलं होतं, आणि कॉलवर जमायचं म्हणजे हजेरी आलीच.

ही हजेरी काय भानगड आहे, ते आधी सांगायला हवं. स्टेडियमच्या अकराव्या रांगेत ही पाच माणसं सात वर्षं एकत्र बसायची. सगळ्यांत वडीलधारे जयसिंगराव, त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान होतं. पहिल्याच मोसमात त्यांनी रिवाज पाडला. खेळ सुरू व्हायच्या आधी एकदा आणि मध्यंतरानंतर एकदा ते मास्तरांसारखी नावं पुकारायचे, आणि ज्याचं नाव येईल त्याने ओरडायचं, "इद्दीनी." कन्नडात, आहे मी. एक जरी नाव बिनउत्तराचं गेलं तरी टीम हरते, हे अण्णांच्या डोक्यात कुठून भरलं देव जाणे, पण पुढे ते सगळ्यांच्याच डोक्यात बसलं. म्हणून जो आलेला नसेल, त्याची हजेरी दुसऱ्याने लावायची. जो नसेल, त्याचीच. हजर माणसाच्या नावाला दुसऱ्याने ओ द्यायची नाही. सौम्याने एकदा गमतीत दिली, तर अण्णा तिच्याशी दोन सामने बोलले नव्हते.

रघुनंदनची हजेरी बहुतेक वेळा विठोजी लावायचा. रघुनंदन होसकोट्याच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचा, तिथून गर्दी तुडवत यायला त्याला कायमचा उशीर. विठोजीचा आवाज घोगरा, आणि शेवटचं अक्षर ओढायची त्याला खोड. "इद्दीनीऽऽ." मागाहून रघुनंदन घामाघूम होऊन पोचला, की तो सरकून जागा करायचा आणि म्हणायचा, "बस रे. तू आलायस कधीचाच."

ऑगस्टात विठोजी गेला. वॉर्डात होता अकरा दिवस. जायच्या आदल्या संध्याकाळी त्याने रघुनंदनला फोन केला होता. रघुनंदन नुकताच कामावरून आलेला, साबणाने हात धुऊन धुऊन कातडी सोललेली. फोन वाजताना त्याने नाव वाचलं, आणि मनात म्हणाला, आज अंगात बोलायचं त्राण नाही, उद्या करू. दुसऱ्या दिवशी पहाटे विठोजीच्या बायकोने, मथुरावहिनींनी कळवलं. न उचललेल्या त्या फोनबद्दल त्याने वसुमतीलाही सांगितलं नव्हतं.

पावणेपाचला कॉल सुरू झाला. पडद्यावर चार चौकोन. अण्णा, बँकेतला अवधूत, पुण्याहून व्हाइटफील्डला नोकरीला आलेली सौम्या, आणि रघुनंदन स्वतः.

"दादा, काय अवतार झालाय तुमचा," सौम्या म्हणाली. "ऑक्सिजन मोजताय ना?"

"त्र्याण्णव आहे."

"त्र्याण्णव म्हणजे... डॉक्टरांना सांगितलं का?"

"रिपोर्ट येऊ दे उद्या. मग बघू."

हल्ली असंच व्हायचं, बोलायला गेलं की वाक्यं अर्ध्यात संपायची.

"मला हे खेळणंच पटत नाहीये," सौम्या म्हणाली. "लोकांचे एवढे हाल चाललेत, आणि आपण मॅच एन्जॉय करायची? आय मीन, कसंतरीच वाटतं."

"मग काय करायचं?" अवधूत वैतागला होता, पण आवाज चढवायचाही त्याला कंटाळा आला होता. "आठ महिने रोज बातम्यांतले आकडे बघतोय. मला स्वल्प दुसरं काहीतरी बघू दे."

"खेळू देत पोरांना," अण्णा म्हणाले. "फक्त एवढंच वाटतं, गोल मारून ती धावत जाणार कुणाकडे? समोर तर नुसत्या खुर्च्या."

"अण्णा, हजेरी घ्यायची?" सौम्याने विचारलं. "विठोजीदादांचं नाव..."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "गाळायचं. दुसरं काय करणार."

ठरलं असं. पण सात वर्षांची सवय एका दिवसात थोडीच सुटते. "अवधूत." "इद्दीनी." "सौम्या." "इद्दीनी." आणि त्याच ठेक्यात अण्णांच्या तोंडून पुढचं नाव निघून गेलं. "विठोजी."

अण्णांचं तोंड तसंच उघडं राहिलं. नाव तसंच लोंबकळत राहिलं, आणि रघुनंदनला ते सहन होईना.

"इद्दीनीऽऽ," तो म्हणाला. घसा बसलेला होता, त्यामुळे आवाज घोगरा निघाला. शेवटचं अक्षर आपोआप ओढलं गेलं.

"रघू," अण्णा हळूच म्हणाले, "हे नव्हतं करायचं."

"सवय, अण्णा."

सवय कसली. फोन उचलला नव्हता, आता त्याच्या नावाला ओ तरी द्यावी, एवढंच त्याच्या मनात आलं होतं. त्याला रडू येत होतं, पण रडायलाही जोर लागतो.

तेवढ्यात पडद्यावर पाचवा चौकोन उघडला. काळा. खाली नाव होतं, विठोजी.

"मथुरावहिनी असतील," अवधूत म्हणाला. "वहिनी, नमस्कार."

उत्तर आलं नाही. फक्त एक आवाज येत राहिला, पाण्यात बुडबुडे फुटत राहावेत तसा. गुड... गुड... गुड. रघुनंदनला तो कळला. वॉर्डात पलंगाच्या डोक्याशी ऑक्सिजनची पाण्याची बाटली असते, तिचा आवाज. वडिलांच्या दुखण्यात तो महिनाभर ऐकला होता.

"मी वहिनींना मेसेज टाकते," सौम्या म्हणाली.

खेळ सुरू झाला. हजारो रिकाम्या खुर्च्या, आणि त्यावर कुठलातरी जुना, रेकॉर्ड केलेला गलका. माणूस एक नाही आणि आरडाओरडा मात्र भरल्या स्टेडियमचा. चेंडू बाहेर गेला तरी गलका तसाच. रघुनंदनचं लक्ष खेळात नव्हतंच. त्या काळ्या चौकोनाकडे बघायचं नाही असं ठरवून तो तिकडेच बघत होता. मध्यंतर झालं. खिडकीतला उजेड मावळत आला, पण दिवा लावायला उठणं त्याच्या जिवावर आलं.

अण्णांनी दुसरी हजेरी घेतली. या वेळी त्यांनी सावकाश, बोटावर मोजत नावं घेतली. अवधूत झाला. सौम्या झाली. विठोजी गाळला.

"रघुनंदन."

त्याने तोंड उघडलं. त्याच्या आधीच उत्तर आलं.

"इद्दीनीऽऽ."

"रघू, पुरे आता," अण्णा म्हणाले. "सारखी काय त्याची नक्कल."

"अण्णा, मी नाही बोललो... मी हा इथे आहे."

कुणी मान वर केली नाही.

"अण्णा... सौम्या, ऐकू येतंय का?"

माइक चालू होता, त्याने दोनदा बघितलं. मग त्याने स्वतःच्या चौकोनाकडे बघितलं. त्यात कॉट होती, खिडकी होती, भिंतीवरचं कॅलेंडर होतं. तो नव्हता.

"वहिनींचा रिप्लाय आला," सौम्या म्हणत होती. तिचा आवाज बारीक झाला होता. "त्या म्हणतात, दादांचा फोन... तो हॉस्पिटलमधून परत मिळालाच नाही."

काळा चौकोन पटकन नाहीसा झाला. बुडबुडे मात्र थांबले नाहीत. गुड... गुड... गुड. आता ते मोबाइलमधून येत नव्हते. त्याच्या पाठीमागून, कॉटच्या डोक्याशी वाजत होते.

दारावर दोन टिचक्या पडल्या.

"अहो, आहात ना?"

वसुमती. तो दाराकडे वळला. सगळा जीव घशात गोळा करून त्याने 'आहे' म्हटलं. ओठ हलले, आवाज फुटला नाही. त्याने परत म्हटलं.

"अहो? आहात ना?"

जाऊ नकोस, दार उघड, एवढंच तिला सांगायचं होतं. एकच शब्द पुरला असता, किंवा एकही शब्द न येणं पुरलं असतं. उत्तर आलं नाही तर ती दार उघडणार होती. तिने कडीला हात घातल्याचं त्याने ऐकलं.

"आहेऽऽ," पाठीमागून कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं.

तिने कडीवरचा हात काढला. "बरं," वसुमती म्हणाली. "कॉफी ठेवलीय. आवाज बरा वाटतोय आज." तिची पावलं स्वयंपाकघराकडे गेली, तीन दिवसांत पहिल्यांदाच जरा झपझप.

अंधारात कॉट करकरली. कुणीतरी सरकून जागा केली.

"बस रे," विठोजी म्हणाला. "तू आलायस कधीचाच."