आईच्या ताटातलं घावन

“आई, तू शेवटचं अख्खं घावन कधी खाल्लंस गं?”

मालनच्या हातातला कालथा तव्यावरच थबकला!

विचारणारी तिची लाडकी प्रांजल... दहावीतली, परवाच वक्तृत्वात पहिली आलेली, आणि तेव्हापासून कुणालाच न घाबरणारी. “वर्गातल्या निधी आणि गार्गी म्हणाल्या, हिंमत असेल तर विचारून दाखव! त्या नाश्त्याला आल्या होत्या ना, तेव्हा त्यांनी पाहिलं. आम्हाला जाळीदार, अख्खी. आणि तू ओट्याशी उभी राहून चिंध्या खात होतीस. मला कधी दिसलंच नाही यार!”

“मला तुटकीच आवडतात गो,” मालन ओढूनताणून हसली.

“आवडतात कसली? तवाच धरून ठेवतो,” तिचा नवरा दशरथ पेपराआडून म्हणाला. “आज दहिसर स्टेशनजवळून नॉनस्टिक आणू. हा दे भंगारात!”

“हो आई! हा लाल बघ मोबाइलवर, एकदम झकास! तुझा नुसता जड.”

भंगारात...! तो बिडाचा तवा मालनच्या आईनं लग्नात दिलेला, ‘ह्याका साबण लावू नको गो’ असं दहादा बजावून. वर्षानुवर्षं तेल आणि अर्धा कांदा फिरवून तिनं तो काळाभोर, गुळगुळीत केला होता, इतका की पूर्वी घावन त्याला चिकटतच नसे. आई गेली, आणि तिच्या हातांची ऊब तेवढी त्या बिडात उरली...

“अहो, भंगारात नको हो...”

“पण चिकटतं ना सगळं! आधी तुझी कशी पटापट सुटायची, कधीपासून हे...” आणि प्रांजलला दोन वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. आई तापानं फणफणलेली, आणि तिला खूश करायचं म्हणून आपण हाच तवा साबण लावून तारेच्या घासणीनं खरवडला, दिवसभर पाण्यात बुडवून ठेवला... ‘बघ आई, किती चमकतोय!’

“आई... मीच ना गं?”

मालननं पदर तोंडाला लावला.

“मग बोलली का नाहीस? ओरडायचंस, दोन धपाटे घालायचेस!”

“कशी ओरडणार, बाळा? तव्यापेक्षा तुझे डोळेच जास्त चमकत होते...”

त्या दिवशी मोरीत नळ सोडून ती किती रडली होती, हे मात्र तिनं आजही सांगितलं नाही. दशरथनं पेपर खाली ठेवला. रोज पहिलं ताट आपल्याच पुढे ओढून घेणारा तो माणूस मान वर करू शकला नाही.

प्रांजलनं अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवला, पीठ ओतलं. घावन चिकटलं, फाटलं! सवयीनं मालनचा हात त्या तुकड्यांकडे गेला; लेकीनं ताटली झटकन मागे ओढली.

“पप्पा, आई, दोघंही ऐका! नवा तवा येणार नाही. रोज शाळेआधी उठून हा मीच तापवणार, मीच तेल मुरवणार. आणि आईच्या ताटात अख्खं घावन पडेपर्यंत... या घरातली तुटकी घावनं सगळी माझी!”