बोल्ट नसलेली रायफल

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी फार्मसिस्ट. घरात कोणी असल्या गोष्टी काढल्या की मीच आधी हसायचे. तेव्हा हे वाचून तुम्ही हसलात तर माझी ना नाही. पण यातलं एक अक्षर खोटं नाही. कॅनडात, मिल्टनमधल्या आमच्या घरात, माझ्यादेखत घडलंय. सुरुवात झाली २०१० च्या खंडेनवमीच्या संध्याकाळी.

माझ्या नवऱ्याला, विलासला, जुन्या लष्करी रायफली जमवायचा नाद. रीतसर लायसन्स काढलेलं. पण माणूस महाचिकट! चांगल्या रायफलींकडे तो ढुंकून बघायचा नाही. रशियन सैन्याने पेट्याच्या पेट्या मोडीत काढलेल्या, ग्रीसने बरबटलेल्या, त्या स्वस्तातल्या आणायचा. आणि माझ्या पुरणाच्या पातेल्यात पाणी उकळून लॉन्ड्री टबमध्ये धूत बसायचा.

"अगं, इतिहास आहे हा!"

"इतिहास गराजमध्ये धू. माझं पातेलं ठेव खाली आधी."

त्या वर्षी आणलेल्या रायफलीचं लाकूड एका जागी झिजून गुळगुळीत झालं होतं. "कोणीतरी वर्षानुवर्षं हिला धरून पहाऱ्यावर उभा असणार," विलास कौतुकाने म्हणाला.

रायफलीला बोल्ट असतो. नळी मागून बंद करणारा लोखंडी दांडा. तो नसला की रायफल म्हणजे नुसती काठी. विलास सगळे बोल्ट काढून आमच्या बेडरूमच्या कपाटात कुलपात ठेवायचा. रायफली खाली बेसमेंटमध्ये, वेगळ्या कुलपात. कायद्याच्या बाबतीत एकदम काटेकोर.

खंडेनवमीला मात्र त्याने बोल्ट बसवले. अपुरं शस्त्र पूजेला कसं मांडायचं? हळद-कुंकू वाहिलं, ग्रोसरीतून आणलेली शेवंती वाहिली. पुस्तकात बघून विलासने आवाहन केलं. घरात आम्ही दोघंच. आमची एकुलती एक लेक चैत्राली वॉटर्लूला युनिव्हर्सिटीत, मिडटर्म्समध्ये अडकलेली.

आमच्याकडे पूजा रात्रभर तशीच ठेवतात. दसऱ्याला अक्षता वाहून निरोप द्यायचा, मगच शस्त्रं हलवायची.

"रात्रभर अशा उघड्यावर? लायसन्स जाईल माझं," विलास म्हणाला आणि त्याने लगेच बोल्ट काढून रायफली उचलल्या.

"अरे, आणि उत्तरपूजा?"

"उद्या करू गं."

दुसऱ्या दिवशी कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

पहिल्यांदा आवाज आला नोव्हेंबरात. भरदुपारी. विलास ऑफिसला गेलेला, मी भाजी चिरत होते. खिडकीतून दिसलं, पार्सलवाला ड्राइव्हवेवर येत होता.

आणि खालून, बेसमेंटमधून...

खट्... सर्र... सर्र... खट्.

बोल्ट मागे ओढून, पुढे ढकलून, बसवल्याचा आवाज. विलासची साफसफाई चालायची तेव्हा हजारदा ऐकलेला.

मी धावत वर गेले. कपाटाचं कुलूप जागेवर. बोल्ट आत.

खाली गेले. रायफलीही कुलपातच. नव्या रायफलीत बोल्टची जागा... रिकामी.

घर तापवणारा फर्नेस वाजला असेल, मी स्वतःला दटावलं. पण मग ते रोजचंच झालं. कोणीही ड्राइव्हवेवर पाऊल टाकलं की खालून आवाज. विलास आला, मी आले, की मात्र...

काही नाही.

डिसेंबरात बर्फ पडला. रविवारी सकाळी शेजारचे नंदूकाका तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन आले. रिटायर्ड इंजिनिअर, भारी लाघवी माणूस. विलास आणि मी, दोघंही दारातच उभे होतो.

खट्... सर्र... सर्र... खट्.

विलासने माझ्याकडे बघितलं. त्यानेही ऐकलं होतं.

आणि मग एक नवा आवाज...

टक्.

रिकाम्या रायफलीचा चाप ओढल्यावर येतो तसा. नंदूकाका मधेच थबकले. कोणी नावाने हाक मारावी तसं त्यांनी आमच्या बेसमेंटच्या खिडकीकडे पाहिलं. आणि ते बर्फात खाली बसले.

परत उठले नाहीत.

डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक. वय, थंडी, डायबिटीस. सगळं पटण्यासारखं. पण फ्युनरल होममध्ये उमाकाकूंनी मला बाजूला घेतलं.

"शुभदा, ह्यांना तुमच्याकडे काही लागलं होतं का गं? छातीवर एवढासा गोल काळानिळा डाग आहे."

मी नाही म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

विलास इतका हादरला की दुसऱ्याच दिवशी ती रायफल दुकानात परत देऊन आला. दुकानदाराने ती लगोलग कुठेतरी पश्चिमेकडे पाठवून दिली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग एका दुपारी जाहिरातींचे फ्लायर टाकायला बाई आली.

खट्... सर्र... सर्र... खट्.

अंगावर सर्रकन काटा आला. आणि तेव्हा मला उत्तरपूजा आठवली. रायफलीतल्या त्या पहारेकऱ्याला आम्ही बोलावलं होतं. जा म्हणून सांगितलंच नव्हतं!

"आता अक्षता कशावर वाहू?" विलासचा चेहरा पांढराफटक पडला. रायफल जिथे ठेवायचा, त्या रिकाम्या जागेवरच त्याने वाहिल्या. मी हात जोडले. बाबा रे, जो कोण असशील तो, जा आता. मराठीत म्हटलं, इंग्रजीत म्हटलं. त्याला कुठली भाषा कळते, देव जाणे.

तो गेला नाही.

मग माझ्या लक्षात आलं. पूजेला आम्ही दोघंच होतो. त्याच्या लेखी घरचे म्हणजे आम्ही दोघंच. चैत्रालीला तो ओळखतच नव्हता.

मी तिला फोन केला. हीटिंग बिघडलंय, सुट्टीत येऊ नकोस. पण लेक माझीच, ऐकते कसली! मैत्रिणीच्या गाडीतून आलीच. दारासमोरून फोन: "आई, सरप्राइज! आय ॲम होम!"

खट्... सर्र...

मी अनवाणी धावले. ती ड्राइव्हवेवर चढत होती. तिला मिठीत घेऊन मी घराकडे पाठ करून उभी राहिले. डोळे गच्च मिटलेले. चापाचा आवाज आला नाही. तशीच तिला ढकलत गाडीत नेलं.

याला आता तीन हिवाळे झाले. चैत्राली घरी आलेली नाही. आम्हीच तिला भेटायला जातो. ड्राइव्हवेच्या तोंडाशी साखळी लावलीय, पार्सलं बाहेर जाऊन घेतो. घर विकावं, तर बघायला येणारे त्याच वाटेने येणार ना? कोणाच्या लेकराला पुढे घालू मी?

परवा चैत्राली फोनवर रडली. "आई, व्हॉट डिड आय डू? तुम्ही मला का तोडलंत?"

माझ्याने राहवलं नाही. सगळं सांगितलं. मग अगदी समजुतीच्या सुरात ती म्हणाली, "आई, आर यू सीइंग समवन फॉर धिस? मी शनिवारी येतेय. तुझा हात धरून बेसमेंटमध्ये जाऊ, ओके?"

उद्या शनिवार. येऊ नकोस म्हणून परोपरीने सांगितलं, ऐकत नाही.

आमच्या दोघांचं सकाळपासून भांडण चाललंय. ड्राइव्हवेवर तिच्या पुढे मी चालणार, असं मी म्हणते. विलास म्हणतो, मी.

दारापर्यंत आम्ही तिला आणू. आत आल्यावर तो कुठून नेम धरेल, तिच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं, ते मात्र दोघांनाही कळत नाहीये.