शेजारच्या घुमटाला आवतण

“कान्तामोस, कोमेमोस, बिबिमोस.”

शाल्मलीनं हे शब्द चार वर्षांची असताना शिरस्त्राणातल्या रेडिओवर ऐकले होते. बाईचा आवाज होता, जाडसर नि ऊबदार, थंडीत अंगावर घोंगडी पडावी तसा. चंद्रावरच्या धुळीत शाल्मलीच्या घरच्यांची गाडी रुतली होती आणि शेजारच्या घुमटातली चिली देशाची माणसं ती ओढून काढता काढता त्यांच्या स्पॅनिश भाषेत गात होती. आता ती दहा वर्षांची झाली, तरी ते कोडं सुटलं नव्हतं. तिन्ही शब्दांच्या शेवटी ‘मोस’ कसं?

कातळवाडी या चांद्रवस्तीत नाचणीचं दुसरं पीक हाती आलं होतं. नव्या नाचणीच्या पहिल्या भाकरीला शेजाऱ्यांना बोलवायचं, आणि आवतण (जेवायचं बोलावणं) घरातल्या माणसानं दारात जाऊन स्वतःच्या तोंडानं द्यायचं, ही कोकणातून आणलेली रीत. गेल्या वर्षी मात्र शाल्मलीच्या आजोबांनी, आप्पांनी, ढेमसा नावाच्या यंत्रमानवाला पाठवलं. ढेमसा अस्खलित स्पॅनिश बोलून आला. पण तिकडून कोणी फिरकलं नाही. मांडलेली सहा ताटं तशीच उचलली. “गर्विष्ठ मेले,” वस्ती म्हणाली. आप्पा ताटं आवरत राहिले.

“यंदाही आले नाहीत, तर पुन्हा म्हणून बोलवायचं नाही,” बाबांनी बजावलं होतं.

“यंदा मी जाते,” शाल्मली म्हणाली. “आप्पा, शिकवा मला.”

आप्पा वनस्पतिशास्त्रज्ञ. आंब्याची कलमं बांधण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. ते म्हणाले, “कान्तार म्हणजे गाणे. शेवटचं ‘आर’ खुडून टाक. काय उरलं?”

“कान्त.”

“हा झाला खुंट, म्हणजे धातू (क्रियापदाचा न बदलणारा भाग). आता त्यावर ज्याचं त्याचं कलम बांधायचं. त्या कलमाला म्हणायचं प्रत्यय (मागं जोडायची अक्षरं).” आणि ते हातानं ठेका धरून म्हणू लागले,

“मी म्हणता ‘ओ’ गं लागे, तू म्हणता ‘आस’,
तो नि ती ‘आ’वर राजी, आम्हांला ‘आमोस’,
‘आन’ घेती सारे ते गं, तुम्हीही तयांत खास.”

शाल्मलीनं बोटांवर मोजत म्हणून पाहिलं. कान्तो, मी गातो. कान्तास, तू गातोस. कान्ता, तो गातो. कान्तामोस, आम्ही गातो. कान्तान, ते गातात. मग एकदम थांबून म्हणाली, “पण मी मुलगी ना? मी ‘कान्ता’ म्हणेन.”

आप्पा पोट धरून हसले. “अगं बये, तिथलं ‘मी’चं क्रियापद मुलगा-मुलगी बघत नाही. तूही ‘कान्तो’च. ‘कान्ता’ म्हणालीस, तर गाणारं माणूस भलतंच कोणीतरी.”

“आणि कोमेमोस?”

“कोमेर म्हणजे जेवणे. इथं ‘एर’ खुडायचं. कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेन. ‘आ’च्या जागी ‘ए’ आला, बाकी चाल तीच. बिबिर म्हणजे जगणे. बिबो, बिबेस, बिबे, बिबेन, सगळं कोमेरसारखंच. फक्त ‘आम्ही’ला ‘इ’ येतो.”

“बिबिमोस,” शाल्मली हळूच म्हणाली. तिचे डोळे चमकले. “आम्ही गातो, आम्ही जेवतो, आम्ही जगतो. ‘मोस’ म्हणजे आम्ही सगळे.”

“शाब्बास. काही हट्टी क्रियापदं हा नियम मानत नाहीत. पण बहुतेक शहाणी असतात.”

“तुम्हांला एवढं येतं, मग गेल्या वर्षी तुम्हीच का नाही गेलात?”

“रोपांना पाणी द्यायचं राहिलंय,” म्हणत आप्पा उठले.

शेजारच्या घुमटाचं दार पिकल्या केसांच्या इंजिनिअर बाईंनी, इनेस यांनी, उघडलं. “यो इन्बिता...” शाल्मली म्हणाली, आणि चूक कळताच तिचे कान तापले. पळून जावंसं वाटलं. पण दारात उभी राहून परत फिरली असती, तर आवतण कसलं? तिनं श्वास घेतला. “यो इन्बितो (मी बोलावते). नोसोत्रोस कोसिनामोस (आम्ही रांधतो). उस्तेदेस कोमेन कोन नोसोत्रोस? (तुम्ही आमच्याबरोबर जेवता का?)”

इनेसबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्या हसत होत्या, पण तिच्या चुकीला नाही.

संध्याकाळी सहाच्या सहा जण आले. भाकरी मोडता मोडता इनेसबाई काहीतरी बोलल्या, आणि ढेमशानं मराठीत सांगितलं, “गेल्या वर्षी यंत्र आलं, तेव्हा त्यांना वाटलं, ही नुसती सूचना आहे. आपल्याला खरंच कोणी बोलावलं असेल, असं वाटलंच नाही.”

बाबांनी मान खाली घातली.

आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. “चूक माझी आहे. नियम मला तोंडपाठ होते. पण दारात अडखळलो तर एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचं हसं होईल, या भीतीनं मी ढेमशाला पुढं केलं. वर्षभर तुम्ही यांना गर्विष्ठ म्हणत होतात, तेव्हाही तोंड उघडलं नाही. गर्विष्ठ मी होतो. आज माझी नात चुकली, सावरली आणि सहा माणसं घेऊन घरी आली. आमच्या घराण्यात एवढं धाडसाचं काम कोणी केलेलं नाही.”

मग ते इनेसबाईंकडे वळले.

“यो आप्रेन्दो,” आप्पा म्हणाले. मी शिकतो आहे.