मडक्यातला पास्ता

"मेलो, कोंबड्यांचं पोतं कुठं गेलं?" निन्फाने तिसऱ्यांदा विचारलं.

"मी खाल्लं," तिचा धाकटा भाऊ मेलो म्हणाला. "सकाळपासून एका जागी टेकली नाहीस. जरा बस की!"

बसणार कशी? उद्या वेनेरामावशीची पास्ता वाळवायची खोली जाणार होती. तिथल्या भिंतीत महापौर लिबोरिओकाकांना म्हणे आठशे वर्षांपूर्वीच्या पास्त्याचं मडकं सापडलं होतं. "पास्ता चीनहून आला म्हणे! आणि जिनोव्हावाले म्हणतात, पहिला आमचाच! आता सगळ्यांची तोंडं बंद," असं ते गावभर सांगत सुटले होते. आता खोलीचं संग्रहालय होणार. समुद्राचा वारा असा खेळणारी दुसरी खोली सिसिलीतल्या त्या गावात नव्हती. मावशी पास्ता टांगायच्या वेळूच्या काठ्या पुसत होती, आणि निन्फाला ते बघवत नव्हतं.

आणखीही एक गोष्ट तिला टोचत होती. खिडक्यांना मावशीशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा घरचा नियम. मंगळवारी मावशी चर्चमध्ये असताना दक्षिणेचा गरम वारा सुटला, आणि नियम पाळत निन्फा खिडक्या न लावता नुसती बघत राहिली. काठ्यांवरचा ओला पास्ता एकदम सुकला आणि त्याला आडव्या चिरा पडल्या. सगळा माल कोंबड्यांसाठी पोत्यात गेला, आणि आता ते पोतंच गायब होतं.

"चल, मडकं बघून येऊ," ती उठली.

नगरपालिकेत मडकं खिडकीशीच ठेवलं होतं. निन्फाने काचेला नाक लावलं. आतल्या पास्त्याच्या प्रत्येक काडीला काठीवर टांगल्याचा बाक होता, आणि आडव्या बारीक चिरा.

"मेलो, हा आपलाच आहे."

"सांगूया?"

"आपलं कोण ऐकतंय? उद्या काका मडकं घेऊन खोली दाखवायला येतील, तेव्हा पातेलं तापत ठेव."

दुसऱ्या दिवशी मडकं तपासायला पालेर्मोहून इतिहासाच्या एक प्राध्यापिका आल्या. त्यांना खोली दाखवायला लिबोरिओकाकांनी मडकं मावशीच्या स्वयंपाकघरातच आणलं.

"काका, हा शिजेल का हो?" निन्फाने भोळेपणाने विचारलं.

"वेडे, दगड झालाय त्याचा! हवं तर टाकून बघ," प्राध्यापिकांसमोर काका तोऱ्यात बोलून गेले.

तिने मूठभर टाकला. उकळताना चिरेचिरेवर त्याचे तुकडे झाले, आणि ताज्या गव्हाचा वास घरभर पसरला. मेलोने एक तुकडा खाल्ला.

"आठशे वर्षांचा नाही, मंगळवारचा आहे. मीठ कमी पडलं."

काकांचा चेहरा पडला. "पोतं मीच नेलं. गावाचं नाव व्हावं म्हणून केलं हो," ते पुटपुटले.

"नाव आहेच," प्राध्यापिका म्हणाल्या. "इथं शेजारी त्राबियात पास्ता बनून जहाजं भरभरून जातो, असं एका अरब भूगोलकाराने जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. पहिला कुणी बनवला, ते कुणालाच ठाऊक नाही. पण जिथं तो अजून वाळतोय, ती खोली रिकामी करू नका. पोरांनो, तुमची नजर पक्की आहे."

खोली राहिली. संध्याकाळी मावशीने ताजा पास्ता काठ्यांवर टाकला आणि सवयीने खिडकीकडे निघाली. मग थांबली.

"निन्फा, वारा कसा आहे बघ," ती म्हणाली. "खिडकी उघडायची का, ते तूच ठरव."